हा नियम करणारी मीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुले आणि मोबाइल गेम या विषयावर आपण पानभर मजकूर दिलात. त्यात मानसोपचारतज्ज्ञ बोलले, एक मुख्याध्यापिका बोलल्या, दोन पालकांनी आपापले गाऱ्हाणे मांडले. गेम बनवणाऱ्यांपैकी मात्र कुणालाच विचारलेले दिसले नाही. दारूबंदीवर लिहिताना गुत्तेवाल्याला कोण विचारतो, असे कुणी म्हणेल. पण पाणी किती मिसळले आहे ते त्यालाच माहीत असते ना! मी गेली वीस वर्षे गेम बनवते, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे हे आधीच सांगते. कात्री आपल्या हातात आहे. फक्त आईचा भाग तेवढा कापू नका.

मजकुराचा एकूण सूर असा होता की गेम ही वस्तू पहिल्यापासून तीच आहे, चित्रे तेवढी चकचकीत झाली आणि मुले तेवढी बिघडली. माझा आक्षेप इथेच आहे. चित्रे हा त्यातला सगळ्यात किरकोळ बदल. गेम आधी विकत मिळायचा, आता फुकट मिळतो. आणि फुकट मिळू लागल्यापासून तो बांधायची पद्धतच उलटी झाली. हे कुठे वाचून सांगत नाही, माझ्या हातून झाले आहे.

२००५ साली मी साताऱ्याहून मुंबईला आले आणि अंधेरीत एका छोट्या कंपनीत लागले. तेव्हा गेम म्हणजे बटणांच्या फोनवरचे जावा गेम. माझे काम पोर्टिंगचे, म्हणजे एका फोनसाठी केलेला गेम बाकीच्या फोनांवर बसवून द्यायचा. ऑफिसात लोखंडी कपाटाचा एक खण नुसता हँडसेटांनी भरलेला असे. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने स्क्रीनचे माप: १२८ बाय १२८, १२८ बाय १६०, १७६ बाय २०८. एका नोकियाचे पाचाचे बटण तर इतके दाबले गेले होते की त्यावरचा ५ पार पुसला गेला होता. नोकियाचे सुरुवातीचे सिरीज ४० चे फोन ६४ केबीपेक्षा मोठी फाइल घेत नसत. ६४ केबी म्हणजे किती, तर आज सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाब त्याहून जड असतो. क्रिकेटचा एक गेम त्या मापात बसवताना आम्ही आधी प्रेक्षक काढले, मग सीमारेषेवरच्या पाट्या काढल्या आणि शेवटी पंच काढला. पंचाशिवाय सामना खेळवला, कुणाची तक्रार आली नाही.

तो गेम गिऱ्हाईक मोबाइल कंपनीच्या पोर्टलवरून घ्यायचे. पन्नास, कधी नव्व्याण्णव रुपये बॅलन्समधून कापले जायचे, त्यातला मोठा वाटा मोबाइल कंपनीच खायची. पण पैसे एकदाच. एकदा ते मिळाले की माणूस तो गेम दहा मिनिटे खेळतो की दहा दिवस, याच्याशी आम्हाला काही देणेघेणे नव्हते आणि ते कळायला मार्गही नव्हता. म्हणून आम्ही दहा लेव्हल करायचो, अकराव्या ठिकाणी ‘शाब्बास’ची पाटी लावायचो आणि पुढच्या गेमला हात घालायचो. गेम संपायचा. आजच्या पोरांना हे सांगितले की त्यांना गंमत वाटते. गेम संपतो म्हणजे काय?

मग ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने फुकट ॲपच्या आतसुद्धा खरेदी-विक्रीला परवानगी दिली. त्याच वर्षी फेसबुकवर फार्मव्हिल हा शेती करायचा गेम आला. त्यात स्ट्रॉबेरी लावली की चार तासांत तयार व्हायची आणि वेळेत येऊन तोडली नाही तर करपून जायची. महाबळेश्वरच्या पायथ्याशी वाढलेल्या मला चार तासांची स्ट्रॉबेरी बघून हसूच आले होते. करपण्याचे हसू आले नाही, कारण आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेवढाच एक शब्द लिहिला होता: करपणे. माणूस परत का येतो? मजा येते म्हणून येतो, आणि न आल्याने काहीतरी वाया जाते म्हणूनही येतो. दुसरे कारण जास्त भरवशाचे. पुढे २०१२ मध्ये कँडी क्रशने पाच जीव दिले आणि गेलेला प्रत्येक जीव अर्ध्या तासाने परत देऊ केला. थांबायचे नसेल तर पैसे भरा. पूर्वीचा गेम जत्रेतल्या पाळण्यासारखा होता, तिकीट काढा, पाच फेऱ्या घ्या, उतरा. आताच्या पाळण्याला तिकीटच नाही, त्यामुळे उतरवून घेण्याची घाईही कुणाला नाही.

आपल्याकडे या गोष्टीने आणखी एक वळण घेतले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले आणि वर्षभरात डेटा पाण्यासारखा झाला. फोन मात्र स्वस्तातले, दोन जीबी रॅमचे, अर्धी जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. अमेरिकेत चालणारा गेम या फोनवर उघडेपर्यंत चहा होतो. त्याच वर्षी नवी मुंबईत बनलेला ‘लुडो किंग’ आला. त्याच्या चित्रांना आमच्या धंद्यातले लोक नाके मुरडायचे. पण बघा त्याने काय केले: नेट नसले तरी चालतो, एकच फोन चौघांत फिरवून खेळता येतो, आणि पट सगळ्यांच्या ओळखीचा असल्याने शिकवावे काहीच लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घराघरात तोच होता. आमच्या सोसायटीत जिन्यात भेटले तरी तोंड फिरवणारी दोन घरे त्या काळात ऑनलाइन लुडो खेळत होती, आणि टाळेबंदी उठल्यावर पुन्हा बोलेनाशी झाली. ते असो.

तर जिओमुळे गिऱ्हाईक कोट्यवधी झाले, पण खिशात हात घालणारे मूठभर. परदेशात जो भरभरून पैसे ओततो त्याला आमच्यात ‘व्हेल’ म्हणतात. इथे व्हेल दुर्मीळ, सगळ्या मासोळ्याच. मग मासोळ्यांकडून वेळ घ्यायचा आणि तो जाहिरातवाल्यांना विकायचा असे ठरले. ‘अजून पाच चाली हव्यात? जाहिरात पाहा’ हे वाक्य आपण सगळ्यांनी वाचले आहे. ते नेमके कधी समोर येते हे मात्र नशिबावर सोडलेले नसते.

माझ्या टेबलावरच्या दुसऱ्या स्क्रीनवर एक तक्ता कायम उघडा असतो. डाव्या रकान्यात लेव्हलचे आकडे, पुढे त्या लेव्हलवर किती टक्के लोक अडकले, किती जणांनी जाहिरात पाहिली, किती जण गेम सोडून गेले. सोडून जाणारे वाढले की लेव्हल सोपी करायची. जाहिरात पाहणारे कमी झाले की किंचित अवघड करायची, पण अशी, की माणूस दणकून हरता कामा नये. थोडक्यात हरला पाहिजे. एकच गोटी उरली पाहिजे. दणकून हरलेला माणूस फोन खाली ठेवतो, थोडक्यात हरलेला ‘अरे एकच होती’ म्हणत बटण दाबतो. हे बटण हिरवे आणि मोठे असते. ‘नको’ हे राखाडी असते आणि दोन-तीन सेकंद उशिरा उगवते. हिरवे की केशरी हेही आम्ही आमच्या मनाने ठरवत नाही. निम्म्या लोकांना हिरवे दाखवतो, निम्म्यांना केशरी, आणि चार दिवसांनी जे जिंकेल ते ठेवतो. याला ए/बी टेस्ट म्हणतात. पहिल्या दिवशी खेळलेल्यांपैकी दुसऱ्या दिवशी किती आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती, हे तीन आकडे म्हणजे आमचे दहावीचे मार्क. बढती त्यावर, बोनस त्यावर, आणि टीम ठेवायची की मोडायची हेही त्यावर.

आपल्या पुरवणीतल्या एका आईने म्हटले होते की, ‘बंद कर म्हटले की मुलगा अंगावर येतो, पाच मिनिटे, पाच मिनिटे करतो.’ त्यांना एक सांगावेसे वाटते. पबजी मोबाइल मार्च २०१८ मध्ये आला तेव्हापासून या गेमांत चौघांची टोळी असते, कानात एकमेकांचे आवाज असतात आणि मोठ्या मैदानावरचा एक डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो. तो मध्येच थांबवायची सोयच नाही. गल्लीत क्रिकेट चालू असताना आपली बॅटिंग झाली म्हणून घरी पळणाऱ्याला आपण काय म्हणायचो? मुलाची अडचण तीच आहे. ‘आत्ता बंद कर’ऐवजी ‘हा डाव झाला की बंद’ म्हणून बघा, आणि डाव झाल्यावर मात्र कबूल केल्याप्रमाणे बंद करायलाच लावा. (तो गेम २ सप्टेंबर २०२० ला सरकारने आणखी ११७ ॲपसह बंद केला, जुलै २०२१ मध्ये नाव बदलून परतला. मधल्या काळात मुलांनी खेळणे सोडले नाही, फक्त गेम बदलला. आणि पालकांच्या तोंडी सगळ्याच गेमांचे नाव पबजी राहिले, जसा एकेकाळी सगळ्याच वनस्पती तुपाला डालडा म्हणत.) मैत्रीला गेमच्या आत आणून बसवणे हा गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात मोठा बदल आहे असे मला वाटते. त्यात चांगलेही खूप आहे. बदलीच्या गावी एकट्या पडलेल्या मुलाला रात्री नऊ वाजता जुन्या वर्गातले तिघे भेटतात, हे मी माझ्याच भाच्याच्या बाबतीत पाहिले आहे.

आता ज्यात चांगले काहीच नाही त्या गेममधल्या पेटीबद्दल, आमच्यात तिला ‘लूट बॉक्स’ म्हणतात. पैसे द्यायचे, बंद पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर. जपानने २०१२ मध्येच यातल्या सगळ्यात लबाड प्रकारावर बंदी आणली. त्यात ठरावीक वस्तूंचा अख्खा संच जमला तरच मोठे बक्षीस मिळायचे. चीनने २०१७ पासून पेटीतून काय निघण्याची शक्यता किती हे जाहीर करायला लावले, त्याच वर्षाअखेर ॲपलनेही आपल्या दुकानात तो नियम केला. बेल्जियमने २०१८ मध्ये अशी पैशाची पेटी सरळ जुगारात काढली. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, आणि तो योग्यच आहे असे माझे मत आहे, जरी त्या आठवड्यात माझ्या ओळखीची काही पोरे घरी बसली. पण पेटीत पैसे जातात आणि बाहेर येतो रंगीत शर्ट किंवा बंदुकीवरची नक्षी. पैसे परत येतच नाहीत, म्हणून तिला कुणी जुगार म्हणत नाही! वर किंमत रुपयात नसते, हिऱ्यांत असते. पेटी ८० हिऱ्यांची आणि हिरे विकत मिळतात ५० च्या किंवा १२० च्या पुडक्यात. वीस किंवा चाळीस हिरे नेहमी उरलेच पाहिजेत, हा हिशेब कुणीतरी बसून केलेला असतो. एका वर्षी तो मी केला होता.

माझी मागणी साधी आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन आणि एमआरपी असते, तशी प्रत्येक पेटीवर किंमत रुपयात आणि आतली शक्यता ठळक अक्षरांत असावी. आत्ता ती शोधायला बारीक अक्षरांतल्या तिसऱ्या पानावर जावे लागते. आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी हे लावून धरले तर होईल. मुलाच्या हातून फोन काढून घेण्यापेक्षा हे सोपे आहे, आमच्या हातून मात्र अवघड.

आता आईचा भाग.

माझी आई बहात्तर वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, साताऱ्याला एकटी राहते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिने वाचन कमी केले आणि भाच्याने तिच्या फोनवर ठोकळे जुळवायचा एक गेम टाकून दिला. आमचा नव्हे, कुठल्या तरी दुसऱ्याच कंपनीचा. दिवाळीला गेले तर ती चष्मा कपाळावर चढवून, फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून खेळत बसलेली. मला म्हणाली, “हे बघ गं, हे मराठी कुणी लिहिलंय? पहिलीतलं पोर बरं.” बघितले तर जाहिरात दाखवणाऱ्या बटणावर ‘घड्याळ जाहिरात’ असे लिहिलेले. इंग्रजीतल्या ‘वॉच’चे यंत्राने घड्याळ केले होते. त्याच्या खाली ‘स्थिती’ हा शब्द होता, पण त्यातली ऱ्हस्व वेलांटी ‘थ’च्या पुढे सुटून उभी आणि अर्धा ‘स’ पाय मोडल्यासारखा पूर्ण काढून खाली हलंत दिलेला. आईने शिक्षिकेच्या सवयीने स्क्रीनवर नखाने लाल रेघ मारल्यासारखे केले. त्याने गेम थांबला आणि एक जाहिरात सुरू झाली.

तिला मी समजावले नाही, आपल्या वाचकांना थोडक्यात सांगते. ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण संगणक ती अक्षराच्या नंतर साठवतो. दाखवताना ती उचलून मागे आणायची, जोडाक्षरे जोडायची, हे काम कुणीतरी करावे लागते. ते करणारी हार्फबझ नावाची फुकट प्रणाली वर्षानुवर्षे उपलब्ध आहे. आपल्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये मराठी नीट दिसते ते तिच्यासारख्या प्रणालींमुळे. गेम ज्यात बनतो त्या इंजिनांपैकी काहींत मात्र ही सोय फार उशिरा आली. गोडो या फुकट इंजिनात ती मार्च २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. तोवर आम्ही काय करायचो? प्रत्येक मराठी शब्दाचे चित्र काढून लावायचो. ‘खेळा’चे ‘चला खेळू’ करायचे तर चित्रकाराला बोलवायचे. मग बैठकीत प्रश्न यायचा की मराठीतून खेळणारे पैसे किती देतात. तक्ता उघडायचा. आकडा लहान. मराठी वगळा. पैसे येत नाहीत म्हणून अक्षर मोडके, आणि अक्षर मोडके म्हणून माणूस इंग्रजी निवडतो, म्हणजे तक्त्यात मराठी आणखी लहान दिसते. या चक्रात मी तीनदा हरले आहे. एकदा मात्र ‘लेव्हल’ला ‘पातळी’ म्हणायचे की ‘टप्पा’ यावर पाऊण तास भांडून ‘टप्पा’ पास करून घेतला, एवढीच कमाई.

तर आई. त्या गेममध्ये रोज उघडले की एक दिवा लागायचा आणि दिव्यांची माळ वाढत जायची. तिचे एकेचाळीस दिवे झाले होते. रोज पूजा झाली की दिवा, मग चहा. नोव्हेंबरात ती पाटणकडच्या एका आडगावी लग्नाला गेली. दरीत गाव, रेंज नाही. एक दिवस गेला, दुसऱ्या दिवशी घरी आली तर माळ विझलेली आणि पाटी: पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. रात्री तिचा फोन आला. रागाने नव्हे, हिरमुसून बोलत होती. सदतीस वर्षे नोकरी केलेली बाई, दांडी न मारल्याचे तिला कौतुक. म्हणाली, “हा नियम करणाऱ्याच्या घरात कधी लग्नकार्य झालंच नाही का गं?”

मी ‘हो ना’ म्हटले आणि दुसरा विषय काढला. हा नियम मी केला आहे. त्या गेमसाठी नसेल, पण २०१७ मध्ये आमच्या गेमला अशीच सात दिवसांची माळ मी लावली, एक दिवस चुकला तर शून्य. सातव्या दिवसाचा आकडा त्याने असा उसळला की टीमला पार्टी मिळाली. माळ तुटल्यावर कुणाला कसे वाटते याचा रकाना त्या तक्त्यात नव्हता. असता तरी मी बघितला असता का, सांगता येत नाही.

या धंद्यात गेल्या दोन-तीन वर्षांत जे चालले आहे तेही थोडे सांगून टाकते, कारण उद्याचे गेम त्यातून घडणार आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनवाल्यांनी जाहीर केले की ठरावीक मर्यादेपुढे गेमच्या दर इन्स्टॉलमागे पैसे घेऊ. आचाऱ्याने पातेली भाड्याने आणावीत आणि पंगत बसल्यावर मांडववाल्याने पानामागे पैसे मागावेत, तसे ते झाले. जगभर बोंब झाली, बरोबर वर्षाने त्यांनी ते मागे घेतले. पण भाड्याच्या पातेल्यावर किती विसंबायचे हा धडा सगळ्यांना मिळाला आणि गोडोकडे वळणारी पोरे वाढली.

आणि एआय. अमेरिकेतले गेमसाठी आवाज देणारे कलाकार जुलै २०२४ मध्ये संपावर गेले ते जवळजवळ अकरा महिने. त्यांचा आवाज आणि हालचाली यंत्राला शिकवून वापरायच्या तर संमती आणि मोबदला हवा, हा मुद्दा. स्टीम या मोठ्या ऑनलाइन दुकानाने जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआय कुठे वापरले ते सांगणे बंधनकारक केले. आमच्याकडे असे काही गाजत नाही. आमच्याकडे एवढेच होते की पूर्वी नव्या मुलाला पहिले सहा महिने आयकॉन काढायला लावायचो: तलवार, नाणे, मडके, पणती. दोनशे मडकी काढली की त्याचा हात बसायचा. आता मडकी यंत्र काढते, दोन मिनिटांत चाळीस, त्यातली पाच बरी असतात. गेल्या वर्षी आम्ही एकही नवा चित्रकार घेतला नाही. यंत्राची पाच बरी कुठली हे ओळखणारा माणूस दहा वर्षांनी कुठून येणार, असे मी विचारले. उत्तर आले की दहा वर्षांचे दहा वर्षांनी बघू. यंत्राने काढलेल्या मडक्यांना, जाता जाता सांगते, हमखास परदेशी कान असतात. आपला माठ त्याला येत नाही.

मी इतके रडगाणे गायले म्हणून हा धंदाच वाईट असे समजू नका. २०२० मध्ये पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ नावाचा गेम काढला. भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, मागे राजस्थानी वाडे-हवेल्या, आणि गोष्टीचे प्रसंग छायाबाहुल्यांतून. एकदा पैसे द्या, खेळा, संपवा. टोरांटोच्या एका लहान टीमने २०२३ मध्ये ‘वेण्बा’ काढला, कॅनडात गेलेल्या एका तमिळ बाईची गोष्ट. तिच्या आईची पाककृतींची वही फाटलेली, अक्षरे पुसलेली, आणि आपण अंदाजाने पायऱ्या जुळवत तिची इडली पुन्हा करायची. दोन तासांच्या आत संपतो. त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचे पदार्पणाचे पारितोषिक मिळाले. तो संपवून मी रात्री साडेबाराला उठून फडताळातली आईची वही काढली. पुरणपोळीच्या पानावर तेलाचा डाग आहे, ‘कटासाठी पाणी’च्या पुढचा आकडा गेला आहे. असा गेम मराठीत कोण करणार? तक्त्यात त्याचा रकाना नाही, हे मला माहीत आहे. तरीही कॉलेजात शिकणाऱ्या, घरच्या लॅपटॉपवर गोडो उतरवून बसलेल्या कुणी हे वाचले तर वहीपासून सुरुवात करायला हरकत नाही. आपल्या पुरवणीत नाटकाला परीक्षण असते, हॉटेलला असते. आठवड्याला एका गेमला दोन कॉलम द्या. चित्रे कशी आहेत ते लिहू नका; पैसे कुठे मागतो, थांबू देतो का, मराठी नीट लिहितो का, ते लिहा.

आईच्या फोननंतरच्या सोमवारी मी बैठकीत एक प्रस्ताव ठेवला. माळेत महिन्याला दोन खाडे माफ. आईच्या नोकरीत किरकोळ रजा असायची, म्हणून टीमने त्याला ‘सीएल’ असेच नाव पाडले आहे. प्रॉडक्ट मॅनेजरने पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षितच होता: सातव्या दिवसाचा आकडा पडला तर? मी म्हटले, पडेलही. मग ठरले तेच जे नेहमी ठरते. निम्म्या लोकांना सीएल, निम्म्यांना नाही, महिनाभर बघू. टेस्ट परवापासून चालू झाली आहे.

माझे नाव आणि कंपनीचे नाव छापू नये, ही विनंती. कंपनीचे कारण उघड आहे. दुसरे कारण असे की आई आपला अंक रोज सकाळी पहिल्या पानापासून वाचते आणि वाचकांची पत्रे तर मोठ्याने. म्हणून लग्नाचे गाव बदलून लिहिले आहे. तरी ती ओळखेल असे वाटते.

आपली,
एक गेम डिझायनर, कोथरूड, पुणे